काकू म्हणाल्या, चालतं

काकूंनी गणपतीला फसवलं. माझ्या तोंडून फसवलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण काकूंबद्दल बोलायला लागलं की लोक विरघळतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला माझं इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे. मालेगावहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात ट्रक रिकामे करायचो. आज भेंडीचं खोकं असो की हापूसची पेटी, तळापर्यंत हात घातल्याशिवाय मी माल घेत नाही. वर कोवळी भेंडी आणि खाली जून, हा प्रकार मला कोणी शिकवायला नको. माझा आवाज मोठा आहे. धंद्यात तो लागतो.

काकू पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी साबुदाण्याची पिशवी नखाने फोडली आणि चार दाणे तोंडात टाकून चावायला लागल्या.

"काकू, विकत घ्यायच्या आधी फोडायची नसते," मी म्हटलं.

"मग घेतल्यावर फोडून काय करू? तुझ्या नावाने रडू?" त्या म्हणाल्या. "जुना आहे हा. भिजवलास की लगदा होईल."

त्यांनी मूठभर शेंगदाणेही चावून पाहिले, दोन दाणे हातरुमालात थुंकले आणि "हे बरे आहेत" म्हणून दाणे घेऊन गेल्या. मी घरी साबुदाणा भिजवला. लगदा झाला. दुसऱ्या दिवशी मी होलसेलरला फोनवर असा धुतला की त्याने सगळा माल बदलून दिला. तेव्हापासून दुकानात नवा साबुदाणा आला की मी आधी काकूंना फोन करायचो. त्यांच्या जिभेवर माझा विश्वास होता. हे लक्षात ठेवा. या बाईला तोंडात काय गेलंय ते कळत नाही, असं म्हणायची सोय नाही.

त्या फार पूर्वी इकडे आल्या. नवरा इंजिनियर होता. तो गेल्यावर एकट्याच राहायच्या. सुती साडी, वर नवऱ्याचं जुनं विंडचीटर, पायात पांढरे वॉकिंग शूज. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला स्टीलचा चमचा. चायनीज दुकानातले चिनी मातीचे चमचे त्यांना आवडत नसत. म्हणायच्या, "पन्हळीतून पाणी आल्यासारखं वाटतं. जिभेला काही कळतच नाही."

उपवासाच्या बाबतीत काकूंचा शब्द शेवटचा. कॅरीहून, नोव्हायहून, अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या गावांतून बायकांचे फोन यायचे. काकू, चिया सीड्स चालतात का? काकू, अव्होकाडो? काकू, ओट मिल्क? काकू फोन कानाला लावून डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. अव्होकाडो चालतो. ओट मिल्क चालत नाही, ते धान्य आहे, त्याला दूध म्हणून काय होतंय? क्विनोआ चालतो. "आमच्यात चालत नाही" असं कोणी म्हटलं तर विचारायच्या, "तुमच्यात म्हणजे कोणात? तुझ्या सासूत?"

त्यांचं एक तत्त्व होतं. उपवासाला परदेशी पदार्थच चालतात. "बटाटा आपला का? साबुदाणा आपला का? दाणे, मिरची, रताळं, यातलं काय आपलं? सगळं बाहेरून आलेलं. आपलं असतं ते भात-वरण-पोळी, आणि ते चालत नाही. म्हणजे देवाने सांगितलंय, आठवड्यातून एकदा घराबाहेर बघा."

हे बाहेर बघणं त्यांनी आमच्या जवळच्याच रिचर्डसनला जाऊन केलं. तिथे चायनीज दुकानांचा प्लाझा आहे आणि त्याच्या टोकाला गोड सुपांचं एक दुकान आहे. चीनमधले कँटनकडचे लोक जेवणानंतर, कधी जेवणाऐवजीही, वाडगाभर गोड सूप पितात. मुगाचं, लाल चवळीसारख्या दाण्यांचं, रताळं आणि आलं घातलेलं, नारळाच्या दुधातलं साबुदाण्याचं. शिवाय दाट पेस्ट असतात. काळ्या तिळाची, अक्रोडाची, दाण्याची. गरम, गुळगुळीत, चमच्यावरून सावकाश सुटणारी. अशा ठिकाणी आपलं कोणी जात नाही. बाहेर आयताकृती पाटी, आत सहा टेबलं आणि काउंटरवर साठीची एक मालकीण, जी सहसा हसत नाही. काकूंनी मेनू पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं उपवासाचं हॉटेल आहे."

मग त्यांच्याकडे भारतातून जो पाहुणा येई त्याला तिथे जावंच लागे. लोकांना डाउनटाउन बघायचं असायचं, आउटलेट मॉल बघायचा असायचा. काकू म्हणायच्या, "ते गाडीतून दिसतं." गाडी बहुतेक वेळा माझी. काकूंचं ड्रायव्हिंग डोळ्यांच्या डॉक्टरने बंद केलं होतं, आणि मला रिचर्डसनच्या बाजूला माल आणायला जावंच लागायचं.

तिथे काय घ्यायचं ते पाहुण्याने ठरवायचं नाही. काकू आणि मालकीण मिळून ठरवायच्या. दोघींचं इंग्लिश दोन तऱ्हेचं, पण एका बाबतीत एकमत. मालकीण माणसाकडे बघून "हीटी" म्हणायची, काकू मान हलवून "उष्ण" म्हणायच्या. मला पाहताच दोघी एकदम म्हणाल्या. त्यामुळे साध्या दिवशी मला मुगाचं गोड पाणी मिळायचं, आणि शेजारी पाहुणे काळ्या तिळाची पेस्ट खात बसायचे. मी एकदा तक्रार केली. मालकिणीने माझं तोंड बघितलं आणि काकूंना म्हणाली, "सी? व्हेरी हीटी."

पाहुण्यांना सगळ्यात आवडायचं ते आल्याचं दूध. वाडग्यात आल्याचा रस, त्यावर मालकीण उंचावरून गरम दूध ओतते आणि वाडगा तसाच टेबलावर ठेवते. थोड्या वेळात ते थरथरत घट्ट होतं. त्या वेळात टेबलाला हात लावायचा नाही, हा काकूंचा नियम. बोलायचंही नाही. एकदा पुण्याहून आलेले एक रिटायर्ड बँक मॅनेजर मधेच म्हणाले, "हे सायन्स काय असतं..." काकूंनी नुसता चमचा वर केला. ते गप्प झाले. मग पहिला घास खाल्ल्यावर त्या गृहस्थांच्या तोंडून शब्द निघाला तो एकच.

"खरवस!"

"खरवसच," काकू म्हणाल्या. "गाय व्यायल्याशिवायचा."

तर अशा त्या होत्या. आता मूळ गोष्ट.

माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, मग केमो सांगितली. मी आयुष्यभर सौदे केले, पण डॉक्टरशी सौदा होत नाही. त्याला म्हटलं, काही कमी-जास्त करा, तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा घरी येऊन गणपतीसमोर बसलो आणि त्याच्याशी केला. हिला बरी कर. दर मंगळवारी चंद्र दिसेपर्यंत, आणि अमावास्येच्या बाजूला दिसत नसेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत, धान्याचा एक कण माझ्या पोटात जाणार नाही. ती बरी होईपर्यंत, आणि बरी झाल्यावर जन्मभर. मी शब्द दिला की दिला. माझ्या धंद्यात कोणालाही विचारा.

केमोही मंगळवारीच असायची. सकाळी तिला गाडीत घालून हॉस्पिटलला न्यायचं, ती खुर्चीत नळी लावून तासन्‌तास बसायची. मी काही खायचो नाही. फराळ चालतो, पण हॉस्पिटलात फराळ आणणार कोण? काळी कॉफी प्यायचो. काकू सोबतीला यायच्या, कधी त्यांच्याकडे आलेली एखादी मैत्रीणही यायची.

एका मंगळवारी पार्किंगवाल्याशी माझं वाजलं, मग रिसेप्शनवरच्या मुलीशी वाजलं. आत आलो तर बायकोची उशी नीट नव्हती, त्यावरून नर्सशी बोलायला लागलो. बायको डोळे न उघडता म्हणाली, "काकू, यांना कुठेतरी घेऊन जा हो."

काकू उठल्या. "चल, मला रिचर्डसनला सोड."

त्यांची एक मैत्रीण बडोद्याहून आली होती, ती बायकोजवळ थांबली. आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. काकू काउंटरवर गेल्या, मालकिणीशी काहीतरी बोलल्या, आणि माझ्यासमोर दाण्याच्या पेस्टचा मोठा वाडगा आला. वाफ निघत होती. भाजलेल्या दाण्यांचा वास आला आणि मी वाडगा जवळ ओढला, एवढी भूक होती. पण मी माल तपासून घेणारा माणूस आहे.

"हे चालतं?" मी विचारलं.

"चालतं."

"आत काय आहे?"

"दाणे आहेत. साखर आहे. पाणी आहे."

"आणखी काही?"

"बस आणि खा. थंड झालं की साय धरते."

"काकू, शपथ घ्या."

"उपवासाच्या दिवशी शपथा घेत नाहीत," काकू म्हणाल्या, आणि स्वतःचा स्टीलचा चमचा पुसून माझ्या हातात दिला.

मी खाल्लं. खोटं कशाला बोलू, तसं काही मी त्या वर्षात खाल्लं नव्हतं. पोटात ऊब गेली, कानातला आवाज थांबला. परत गेलो तर बायको जागी होती. घरी जाताना गाडीत ती झोपली आणि मी रेडिओसुद्धा लावला नाही.

मग दर केमोच्या मंगळवारी हेच. मला दाण्याची पेस्ट, कधी अक्रोडाची. काकूही मंगळवार धरायच्या, त्या स्वतः रताळ्याचं सूप घ्यायच्या. आलं घातलेलं, पातळ, गोड. मी एकदा वाडगा त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही घ्या ना थोडं."

"मला दाणे पचत नाहीत रे."

माझ्या दुकानात मूठभर दाणे कच्चे चावणारी बाई! मला तेव्हाच कळायला हवं होतं. भेंडीच्या खोक्यात खालपर्यंत हात घालणारा मी, इथे वरच्या वर पाहून गप्प बसलो, कारण माल काकूंचा होता.

बायको बरी झाली. स्कॅन क्लीन आला. डॉक्टरने हात मिळवला, मी त्याला मिठाईचा खोका दिला, दुकानात दिवसभर लोकांना पेढे वाटले. गणपतीने शब्द पाळला होता, मीही पाळत होतो. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो, तो तेवढा व्हायचा. काकू मुलीकडे कॅरीला राहायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मंगळवारी त्या दुकानात जात जा. घरी फराळ करत बसशील तर हिला राबवशील." मी ऐकलं. मी मंगळवारी तिथे जात राहिलो.

मागच्या महिन्यात नाशिकहून माझा शाळेतला मित्र आणि वहिनी आले. मुलीला भेटायला आले होते, चार दिवस आमच्याकडे. त्यातला एक मंगळवार, आणि तोही अंगारकी चतुर्थीचा. वहिनींचा अंगारकीचा उपवास कडक. विमानातून वरीचं पीठ घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, ते ठेवा बॅगेत. तुम्हाला अमेरिकेतलं उपवासाचं हॉटेल दाखवतो."

"हा चायनीजमध्ये नेतोय," मित्र म्हणाला. "लेका, अंगारकीला बेडूक खाऊ घालशील."

"तू मटण-भाकरीवाला, तुला काय कळतंय?" मी म्हटलं.

बायकोही आली होती. केस आता चांगले वाढलेत तिचे. चौघं बसलो. मी काकूंसारखं सगळं करून दाखवलं. आल्याचं दूध मागवलं, टेबलाला हात लावू दिला नाही. वहिनी "अगंबाई, खरवस!" म्हणाल्या तेव्हा मला असं वाटलं की गाय माझीच आहे. मित्राने काळ्या तिळाची पेस्ट घेतली आणि ओठ काळे करून बसला. वहिनींना मी दाण्याची पेस्ट मागवली. त्यांनी निम्मा वाडगा संपवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे मला नाशिकला करायचंय. दाणे भाजून वाटले तर एवढं दाट आणि गुळगुळीत होत नाही. तेल सुटतं. हिला विचारा ना, काय युक्ती आहे."

मी मालकिणीला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हाऊ सो थिक?" मी विचारलं.

"राइस," ती म्हणाली. "सोक राइस, ग्राइंड विथ पीनट. ऑलवेज."

वहिनींचा चमचा वाडग्यात पडला. "राइस? म्हणजे तांदूळ?"

मी म्हटलं, "नो नो. पीनट, शुगर, वॉटर."

मालकीण माझ्याकडे असं बघत राहिली जसं मी होलसेलरकडे बघतो. "विदाउट राइस नो पेस्ट. वॉलनट ऑल्सो राइस. सेसमी ऑल्सो. युअर आंटी नोज."

"आंटीला माहीत आहे?"

"फर्स्ट डे शी आस्क मी. राइस इनसाइड? आय से, ऑफ कोर्स. शी से, गुड. गिव्ह हिम बिग बोल."

वहिनी म्हणाल्या, "अहो, म्हणजे माझी अंगारकी मोडली की!" मित्राला हसू आवरेना. म्हणाला, "मोडली तर मोडली, संपव आता, वाडगा का सोडतेस?" वहिनींनी त्याला कोपर मारलं, मग दुसरं कोपर मला मारता येत नाही म्हणून त्यालाच मारलं. मी मात्र हसलो नाही. माझ्यासमोर त्या सगळ्या मंगळवारांचे वाडगे उभे राहिले. एक कण नाही म्हणालो होतो मी. कण कसला, पातेलंभर तांदूळ गेला असेल. आणि "गुड" म्हणाली! चुकून झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. ही बाई तांदूळ आहे का विचारते, आहे ऐकून खूश होते, आणि स्वतः रताळ्याचं सूप पिते. स्वतःचा उपवास सांभाळला आणि माझा मोडला.

मी तिथूनच, पार्किंगमध्ये उभा राहून, कॅरीला फोन लावला.

"काकू, दाण्याच्या पेस्टमध्ये तांदूळ असतो."

"बायको कशी आहे?" काकू म्हणाल्या.

"बरी आहे. काकू, तांदूळ!"

"ओरडू नकोस, मला ऐकू येतं. असतो तांदूळ. त्याशिवाय पोटाला आधार कसा होणार?"

"तुम्ही 'चालतं' म्हणालात!"

"चाललं ना?"

"मी गणपतीला शब्द दिला होता. माझ्या बायकोच्या जिवावरचा शब्द होता तो. तुम्ही कोण मोडणाऱ्या?"

काकू म्हणाल्या, "उपवास तू धरला होतास आणि भोगत ती होती. गाडीत बसल्यापासून तू तिच्यावर ओरडायचास. सीटबेल्ट नीट लाव, फाइल कुठे ठेवलीस, सिग्नल का लागला. हाताला नळी लावलेली बाई मला काय म्हणाली ते आठव. मी रताळ्याचं सूप दिलं असतं तर तासाभरात पुन्हा सुरू झाला असतास."

"माझा आवाजच तसा आहे," मी म्हटलं.

"असेल. भरल्या पोटी कमी असतो," काकू म्हणाल्या आणि मुलीने बोलावलं असं सांगून फोन ठेवला.

आत आलो तर बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती वहिनींना रताळ्याच्या सुपात आलं किती घालायचं ते सांगत होती. घरी येताना गाडीत मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला काय माहीत असणार? मी झोपलेली असायची." आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. मित्र मागून म्हणाला, "सोड ना यार. बायको ठणठणीत आहे तुझी, तुला आणखी काय हवंय?"

लोक हेच म्हणतात. दुकानात ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणतो, काकू ग्रेट आहेत. नोव्हायहून एकीने फोन करून सांगितलं की ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कुठे म्हणतोय काकू वाईट आहेत? पण सौदा दोघांचा होता, माझा आणि त्याचा. त्याने त्याचा माल चोख दिला. माझ्या बाजूने खोक्यात वर दाणे आणि खाली तांदूळ गेला. असा माल मला कोणी दिला असता तर मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो. उद्या तो माझ्या दारात उभा राहिला तर मी काय सांगू? भूक लागली होती?

पुढच्या महिन्यात बायकोचा स्कॅन आहे. मी मंगळवार पुन्हा पहिल्यापासून धरलेत. पेस्ट बंद, फक्त रताळं. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करतोय. परवा सिग्नलला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "दात कशाला चावताय, ओरडा एकदाचं." तेव्हा ते असू द्या.

पण मागचं जे झालं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण ते मी केलेलं नाही. ते काकूंकडे आहे. काकू, स्कॅनच्या आधी तुम्ही अर्विंगला या. तिकीट मी काढतो, एअरपोर्टला गाडी घेऊन मीच येईन. माझ्या देवघरासमोर उभ्या राहा आणि चालतं म्हणून तुम्ही कुणाला विचारून सांगितलंत ते गणपतीला स्वतःच्या तोंडाने सांगा. मला सांगू नका, मला तुम्ही गुंडाळता. त्याला सांगा. रिचर्डसनचं दुकान कुठे पळून जात नाही, ते नंतर. आधी त्याला उत्तर द्या.